इंग्लंडमधल्या कंट्री हाउसचा तबेला: एवढा भारी का बांधायचे, आत काय बघायचं आणि भिंतीतली ओल कुठून येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणारं एक मराठी जोडपं जुन्या कंट्री हाउसच्या (म्हणजे गावाकडच्या जमीनदारांच्या मोठ्या वाड्याच्या) तबेल्यातून केलेलं घर घ्यायचा विचार करतंय, बांधकाम 1870 च्या आसपासचं, मधे मोठा चौक, कमानीवर घड्याळाचा मनोरा, आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल. त्यांनी विचारलंय की घोड्यांसाठी एवढा महाल कशाला बांधला, आत मूळचं काय उरलंय ते कसं ओळखायचं, आणि ती ओल जाईल का. मी इकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते आणि त्यात तबेले बरेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मनोरा, कमान, घड्याळ हे सगळं बाहेरून येणाऱ्यासाठी आहे, पण आतली अख्खी इमारत घोड्याचा श्वास आणि घोड्याचं मूत या दोन गोष्टींभोवती रचलेली आहे. हवा आत कुठून येणार आणि वर कुठून जाणार, ओल कुठल्या उताराने बाहेर पडणार, आणि हे दोन्ही चामड्यापासून आणि गाडीच्या व्हार्निशपासून लांब कसं ठेवणार, एवढं समजलं की प्लॅनमधली प्रत्येक भिंत तिथे का आहे ते कळतं.

मोठेपणाचं कारण साधं आहे. मोटार येण्याआधी अशा घराचं सगळं येणंजाणं घोड्यावर होतं, बग्गीचे घोडे वेगळे, शिकारीवर न्यायचे हंटर वेगळे, रोजच्या रपेटीचे वेगळे, मुलांची तट्टं वेगळी, शिवाय पाहुणे स्वतःचे घोडे घेऊन आठ-आठ दिवस राहायला यायचे त्यांना जागा पाहिजे. रेल्वे आल्यावर हे कमी झालं असेल असं वाटतं, पण स्टेशनवरून माणसं आणि सामान आणायला पुन्हा घोडागाडीच लागायची. त्यात चांगला हंटर म्हणजे महागडं जनावर, त्याचा खोकला किंवा पाय अधू होणं म्हणजे थेट पैशाचं नुकसान. म्हणून मालक खर्च करायचे आणि मोठमोठे आर्किटेक्ट हे काम मनापासून करायचे. चेशरमधल्या ईटन हॉलचं उदाहरण घ्या. आल्फ्रेड वॉटरहाउसने 1870 ते 1882 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकसाठी तो प्रचंड वाडा नव्याने उभा केला, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य वाडा पाडून टाकला, पण चॅपल, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि तबेल्याचा चौक आजही उभा आहे. स्कॉटलंडमध्ये मँडरस्टनला तर आर्किटेक्ट जॉन किनरॉसने आधी 1895 मध्ये तबेला बांधला आणि राहतं घर वाढवायचं काम त्यानंतर काही वर्षांनी हातात घेतलं. तिथली ठाणं, म्हणजे घोडे बांधायचे कप्पे, सागवानाची आहेत, खांबांवर पितळ आहे आणि प्रत्येक घोड्याचं नाव संगमरवराच्या पाटीवर कोरलेलं आहे. त्या काळात इंग्लंडला सागवान मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशातून जायचं आणि त्या धंद्यातली एक बडी कंपनी आपल्या मुंबईत 1863 मध्ये सुरू झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन होती, मुंबईतल्या बऱ्याच लोकांना हे नाव ओळखीचं असेल.

मनोऱ्याबद्दल पटकन सांगते. घड्याळ फक्त शोभेचं नव्हतं, सगळी इस्टेट त्याच्या ठोक्यांवर चालायची, माळी, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), स्वयंपाकघर सगळे. काही मनोऱ्यांत पाण्याची टाकीही असते. क्लाइव्हडेन या कंट्री हाउसचा जो सुमारे 100 फुटी घड्याळाचा मनोरा हेन्री क्लटनने 1861 मध्ये बांधला तो मुळात पाण्याचा मनोराच आहे, वर सोनेरी काम बघून कुणाला शंका येणार नाही. तुमच्या मनोऱ्यात घड्याळाच्या खाली जाड पाइप किंवा जाड तुळयांची बैठक दिसली तर तीच शक्यता धरा. कबुतरखानाही बऱ्याचदा असतो.

आता प्लॅन. चौकाच्या एका बाजूला घोडे, त्यांच्यापासून शक्यतो लांबच्या बाजूला कोच हाउस, म्हणजे घोडागाड्या ठेवायची जागा, मधे हार्नेस रूम, म्हणजे खोगीर-लगाम ठेवायची खोली, वर माळा आणि मोतद्दारांच्या खोल्या, हेड कोचमनला कुटुंबासाठी वेगळं दार असलेलं घर, एका टोकाला आजारी घोड्याची स्वतंत्र खोली, आणि लीद टाकायचा खड्डा चौकाच्या बाहेर मागच्या अंगाला. घोडे जिथे ते अंग शक्यतो दक्षिणेचं, कारण त्यांना ऊब आणि कोरडेपणा पाहिजे. कोच हाउसची दारं मात्र उत्तरेकडे तोंड करून असली तर बरी, कारण उन्हाने व्हार्निशला भेगा जातात. आणि घोडे नि गाड्या यांच्यामध्ये थेट दार ठेवायचं नाही हा तर नियमच. ओल्या पेंढ्यातून अमोनिया उठतो आणि तो व्हार्निश आणि चामडं दोन्ही खातो. तुमच्या घरात दोन खोल्यांच्या मधे उगाच एक छोटीशी लॉबी आहे असं वाटत असेल तर ती बहुतेक अमोनिया अडवायलाच ठेवलेली आहे, नंतरच्या बिल्डरने तिथे बूट ठेवायचं कपाट केलं असेल ती गोष्ट वेगळी.

कोच हाउससमोर लोखंडी कैच्यांवर काचेचं छत दिसलं तर ते गाडी धुवायच्या जागेवरचं. काचेवरची एक्साइज ड्यूटी 1845 मध्ये गेली, विटांवरचा कर 1850 मध्ये गेला, आणि रेल्वेने वेल्सची स्लेट (छपराला लावायचा पातळ दगड) आणि स्टॅफर्डशरची निळी वीट देशभर पोचायला लागली, त्यामुळे आधीच्या पिढीला जे परवडलं नसतं ते या पिढीने सढळ हाताने वापरलं. व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, तबेला तिच्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या जॉर्जियन तबेल्यापेक्षा वेगळा पडतो तो मला विचाराल तर इथेच, बाहेरची शैली गॉथिक असो की इटालियन असो की फ्रेंच, आतलं सामान कारखान्यातून आलेलं असतं. बेलफास्टची मसग्रेव्ह, लंडनची सेंट पँक्रास आयर्न वर्क कंपनी, कॉटम, ही मंडळी कॅटलॉगमधून अख्खी ठाणं विकायची, खांब, जाळ्या, गव्हाणी, पन्हळी, अगदी दाराच्या कड्यांसकट. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा फरशीतल्या लोखंडी पन्हळीच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसा, बऱ्याचदा कंपनीचं नाव ओतकामातच सापडतं, आणि ते सापडलं तर ती फरशी मूळची आहे असं जवळपास धरून चाला.

हवेचा विषय जरा जास्त बोलते कारण सगळं गाडं तिथेच आहे. जुन्या मोतद्दारांचा पक्का समज होता की तबेला गरम ठेवला की घोड्याच्या अंगावर तुकतुकी येते, म्हणून सगळं गच्च बंद करायचं. माळ्यावर गवत, खाली घोडे, मधे झडप, झडपेतून गवत थेट डोक्यावरच्या लोखंडी जाळीत. याचा परिणाम काय, तर गवताची धूळ घोड्याच्या डोळ्यात आणि नाकात, आणि खालची गरम ओलसर अमोनियाची वाफ वर जाऊन गवतात मुरायची, तेच गवत दुसऱ्या दिवशी त्याला खायला. 1860 च्या दशकात ब्रिटिश लष्कराने बराकी आणि घोडदळाच्या तबेल्यांच्या हवेची चौकशी केली आणि दर घोड्याला किती घनफूट हवा पाहिजे यावर गंभीर चर्चा झाली, चांगल्या तबेल्यात 1200 पासून 1600 घनफुटांपर्यंत आकडे धरले जायला लागले. ग्लँडर्स नावाचा भयंकर रोग कोंदट हवेतून उपजतो असं तेव्हा बरेच जण मानायचे. त्याचा जंतू 1882 मध्ये जर्मनीत लोफलर आणि श्युट्झ यांनी वेगळा काढला तेव्हा खरं कारण कळलं, पण तोवर त्या चुकीच्या समजुतीपायी हजारो तबेले हवेशीर झाले होते आणि घोड्यांच्या फुफ्फुसांना त्याचा फायदाच झाला.

यातून जी रचना पक्की झाली ती अशी, छत उंच, बारा फूट तरी, खिडक्या घोड्याच्या डोळ्यांच्या वर आणि वरून आतल्या बाजूला झुकणाऱ्या, म्हणजे हवा आधी छताकडे जाते आणि मग पसरत खाली येते, अंगावर झोत बसत नाही. भिंतीत भोकाच्या विटा किंवा ओतीव लोखंडाच्या जाळ्या, आणि वर आढ्यावर झरोक्यांची छोटी कौलारू पेटी, तिच्यातून गरम हवा बाहेर. बऱ्याच ठिकाणी ही पेटीच शोभेचा कळस करून टाकलेली असते, लोकांना वाटतं सजावट आहे. मोतद्दार मात्र आपल्या जुन्या समजुतीवर ठाम असायचे, खालच्या जाळ्यांत पेंढा कोंबून ठेवायचे, मला स्वतःला दुरुस्तीत भोकाच्या विटांमागे दडपून बसवलेला जुना पेंढा निघालेला आहे. म्हणूनच काही डिझाइनमध्ये वरचे झरोके बंदच करता येणार नाहीत असे ठेवले. आणि गवताची जाळी डोक्यावरून काढून गव्हाणीच्या उंचीला आणली, त्यामुळे एका रांगेत तीन भाग झाले, गवत, चंदी (दाणा) आणि पाणी, आतून इनॅमल लावलेलं लोखंड, धुवायला सोपं.

ठाण म्हणजे घोडा बांधून ठेवायचा कप्पा, साधारण 6 फूट रुंद आणि 9 फूट लांब. लूज बॉक्स म्हणजे मोकळी खोली, 12 बाय 12 किंवा थोडी जास्त, तिथे घोडा मोकळा फिरतो, आडवा होतो. दिवसभर शिकारीमागे धावून आलेल्या हंटरला नीट पडता आलं पाहिजे म्हणून या काळात लूज बॉक्सची संख्या वाढत गेली, बग्गीचे घोडे मात्र ठाणांतच. दोन ठाणांमधली फळी डोक्याकडे उंच आणि शेपटीकडे वळणाने उतरती असते, त्यामुळे खाताना शेजाऱ्याशी भांडण नाही आणि मागून मोतद्दाराला सगळे घोडे दिसतात. वरच्या भागात लोखंडी गज, म्हणजे हवाही आरपार आणि घोड्याला शेजारी सोबत आहे हेही कळतं. टोकाच्या खांबावर गोल लोखंडी किंवा पितळी गोळा.

जवळून बघायची गोष्ट म्हणजे कडा. मूळचं काम शाबूत असेल तर घोड्याच्या उंचीत एकही टोकदार कोपरा सापडणार नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना गोल कोपऱ्याच्या विटा, कारण घोड्याचं ढुंगण तिथे आपटलं तर हाड दुखावतं, काही ठिकाणी तर तिथे उभे फिरते रूळ बसवलेले असतात. कडी दारात खोल बसलेली, बाहेर काही येत नाही. गव्हाणीची कड लोखंडाने मढवलेली, कारण कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडतो. गव्हाणीजवळ भिंतीत कडं, दोर त्या कड्यातून खाली आणि दोराच्या टोकाला लाकडी किंवा लोखंडी गोळा, घोडा डोकं हलवेल तसा गोळा वरखाली होतो, दोर कधी सैल पडून पायात अडकत नाही. खालच्या फळ्यांवर लाथांचे खळगे असतात, ते भरून घासून गुळगुळीत करू नका, कुठल्या ठाणात घोडा जास्त लाथा मारायचा ते अजून दिसतं.

फरशी हा माझ्या मते व्हिक्टोरियन तबेल्यातला सगळ्यात हुशार भाग आहे. स्टॅफर्डशरची निळी वीट म्हणजे लोहयुक्त माती, भट्टीत खूप तापवून आणि ऑक्सिजन कमी करून भाजलेली, ती इतकी घट्ट होते की पाणी फारसं पीतच नाही. तबेल्यासाठीच्या विटांवर खाचा असतात, त्यामुळे नाल ठोकलेला पाय घसरत नाही आणि मूत खाचांतून पन्हळीकडे जातं. आधीच्या काळी ठाणाला भरपूर उतार द्यायचे म्हणजे ओल लवकर वाहून जाईल, पण घोडा रात्रंदिवस चढावर उभा राहिला की मागच्या पायांच्या शिरांवर ताण येतो, म्हणून या काळात उतार जेमतेम कळेल इतकाच ठेवला आणि ओल काढायचं काम खाचांना आणि उघड्या लोखंडी पन्हळीला दिलं. पन्हळीवर काढता येणारं झाकण, रोज काढून झाडायचं. गटाराचा ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारा बाक) इमारतीच्या आत कधी नाही, पन्हळ भिंतीतून बाहेर जाते आणि तिथे उघड्यावर ट्रॅपमध्ये पडते, म्हणजे गटाराची हवा घोड्यांकडे परत येत नाही.

हार्नेस रूम अजून शाबूत असेल तर तुम्ही नशीबवान. चारही भिंतींना लाकडी फळ्या, कारण चामडं गार भिंतीला टेकलं की बुरशी, खोगिरांसाठी लोखंडी ब्रॅकेट, काचेच्या कपाटात लगामांचे लखलखीत तुकडे, आणि शेगडी कायम पेटलेली. मोतद्दारांची बैठक हीच, थंडीत सगळी पोरं इथेच जमायची, सामान पुसत गप्पा मारायची. घोडागाड्यांसकट हे सगळं बघायचं असेल तर डेव्हनमध्ये आर्लिंग्टन कोर्टच्या तबेल्यात नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कॅरेज म्युझियम आहे, एकदा जाऊन या.

1900 च्या आसपास मोटारी आल्या तेव्हा पहिल्यांदा कोच हाउसच गॅरेज झालं, दारं मोठी होती, वर काचेचं छत होतं, पाणी होतं. मग 1914 च्या ऑगस्टमध्ये लष्कराने देशभरातून एक लाखाच्या वर घोडे काही दिवसांत उचलले आणि बरेच तबेले एका आठवड्यात रिकामे झाले, त्यातले पुष्कळ परत कधी भरलेच नाहीत. पुढे कोळसा ठेवायची जागा, शाळा, चहाची जागा, आणि आता घरं.

आता तुमच्या ओलीकडे येते. कमरेपर्यंत पट्टा, वर सरळ रेषेत थांबलेला, रंगाचे पोपडे, आणि दमट दिवशी जास्त ओलं दिसतं, असं असेल तर तो बहुतेक लोणा आहे. चाळीस-पन्नास वर्षं घोड्यांचं मूत त्या भिंतीच्या बुडाशी मुरलं, त्यातून नायट्रेट आणि क्लोराइडचे क्षार विटेत आणि दर्जांत (विटांमधल्या सांध्यांत) साठले, आणि हे क्षार हवेतलंच पाणी ओढून घेतात. जमिनीतून पाणी येत असो वा नसो, भिंत ओली दिसणारच. यावर भिंतीत रसायनाचं इंजेक्शन मारून डॅम्पप्रूफ कोर्स, म्हणजे ओल अडवणारा थर, करणारे लोक येतील, मीटर लावून लाल दिवा दाखवतील, पण क्षारांमुळे तो मीटर तसाही जास्त आकडा दाखवतो. इंजेक्शनने क्षार कुठेही जात नाहीत. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर क्षार वर चढून दोन फूट उंच दिसायला लागतात. शिवाय तबेल्याचं घर करताना, म्हणजे कन्व्हर्जनमध्ये, बऱ्याचदा फरशीवर प्लास्टिक घालून काँक्रीटचा कोबा ओतलेला असतो, मग खालची जी काही ओल असेल ती कडेने भिंतीत चढते, आणि भिंतीतल्या जाळ्या बुजवल्या की तिला बाहेर पडायला वाट उरत नाही.

करायचं काय तर सगळ्यात आधी बाहेरच्या बाजूला जमीन किती वर आलीय ते बघा, शंभर-दीडशे वर्षांत चौकात खडी आणि डांबर चढत जातं आणि आतल्या फरशीपेक्षा बाहेरची जमीन वर जाते, ती खाली घेतली आणि गटारं, पन्हळी, पावसाचे पाइप साफ केले की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मग सिमेंटचा गिलावा आणि सिमेंटच्या दर्जा काढून भिंत मोकळी करायची, सुकू द्यायची, चांगल्या जाड भिंतीला एक-दोन उन्हाळे लागतात, क्षार वर येतील तसे कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्यायचे, पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की परत आत. त्यानंतर चुन्याचा गिलावा, आणि तो काही वर्षांनी बदलावा लागेल हे आधीच धरून चालायचं, कारण क्षार त्या गिलाव्यात येऊन बसावेत आणि विटा वाचाव्यात हाच हेतू. ती खोली बेडरूमच हवी असेल तर भिंतीपासून सुटं लाकडी अस्तर, मागे हवा खेळती ठेवून, वर आणि खाली फटी ठेवून. तुमच्या नशिबाने ते मूळच्या हार्नेस रूमच्या पद्धतीशी जुळतं, त्यामुळे परवानगीलाही सोपं जातं.

परवानगीचं महत्त्वाचं. इमारत लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेल्या जुन्या इमारतींत, आहे का ते हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीत बघा, स्वतंत्र नोंद नसली तरी मुख्य वाडा लिस्टेड असेल तर त्याच्या आवारातला तबेलाही त्यातच धरला जाऊ शकतो. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय ठाणं काढली असतील, फरशी झाकली असेल, तर ते पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते आणि त्याला वर्षांची मुदत नाही. म्हणून वकिलाला सांगून मूळ कन्व्हर्जनची लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (अशा इमारतीत बदल करायची परवानगी), तिच्यातल्या अटी आणि मंजूर नकाशे मागवा आणि प्रत्यक्ष खोल्यांशी ताडून बघा. माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, कौलांना हात लावायच्या आधी सर्व्हे लागतो, त्याचा वेळ धरा.

सर्व्हेयर नेमताना जुन्या चुन्याच्या बांधकामाचं काम करणाराच नेमा, आणि त्याला स्पष्ट सांगा की ओल्या भिंतीतून भोक पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्यायचे, त्यात पाणी किती आणि क्षार किती हे प्रयोगशाळेतून वेगवेगळं काढून पाहिजे. आत खोलवर पाणी कमी आणि पृष्ठभागाशी क्षार जास्त निघाले तर वर सांगितलेलं काम पुरतं. आत खोलवरही पाणी भरपूर निघालं तर कुठेतरी पाइप फुटलाय किंवा जमीन वर आहे, ते शोधून दुरुस्त झाल्याशिवाय किंमत ठरवू नका. घर दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा दोन दिवस पाऊस झाल्यावर जा, कोच हाउसच्या मोठ्या दारांच्या खालच्या कडा आणि आढ्यावरच्या झरोक्यांच्या आतल्या फळ्या दोन्ही बघा, आणि पन्हळीच्या झाकणांचे, दर्जांचे, त्या ओल्या पट्ट्याचे फोटो काढा, ते इथे टाकलेत तर मी बघून सांगेन.